व्यावसायिक संस्थांसाठी सॉफ्टवेअर-डिफाइन्ड स्टोरेज : प्रमुख पर्यायांचा तुलनात्मक अभ्यास

सारांश

व्यावसायिक संस्थांच्या माहितीची साठवणूक पूर्वी विशिष्ट उत्पादकाच्या बंदिस्त यंत्रावर अवलंबून असे. गेल्या दोन दशकांत ही जबाबदारी हळूहळू सर्वसाधारण सर्व्हरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरकडे आली. प्रस्तुत लेखात सेफ, ग्लस्टर, व्हीएमवेअर व्हीसॅन, न्यूटॅनिक्स आणि मायक्रोसॉफ्ट स्टोरेज स्पेसेस डायरेक्ट या पाच पर्यायांची तुलना रचना, जागेचा हिशेब, बिघाडातील वर्तन आणि परवाना या चार निकषांवर केली आहे. केवळ वेग आणि प्रति टेराबाइट दर यांवर आधारलेली तुलना अपुरी ठरते. सर्व्हर बंद पडण्याचा प्रसंग आणि प्रणाली सोडून जाण्याचा प्रसंग, हे दोन प्रसंग निवडीच्या केंद्रस्थानी असावेत, असे या विवेचनातून दिसून येते.

महत्त्वाच्या संज्ञा : सॉफ्टवेअर-डिफाइन्ड स्टोरेज, प्रतिकृती, इरेजर कोडिंग, गणपूर्ती, परवाना.

१. प्रस्तावना

कोणत्याही संस्थेच्या संगणकीय व्यवस्थेत सर्व्हर बदलता येतो, नेटवर्क नव्याने उभारता येते, सॉफ्टवेअर पुन्हा बसवता येते. हरवलेली माहिती मात्र विकत मिळत नाही. त्यामुळे माहितीच्या साठवणुकीविषयीचा निर्णय हा संस्थेच्या तांत्रिक निर्णयांपैकी सर्वांत दूरगामी निर्णय ठरतो. भारतात या निर्णयाला कायदेशीर बाजूही आहे. सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जतन कराव्या लागतात. त्याच वर्षी कंपनी लेखा नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील हिशेबपुस्तकांची राखीव प्रत भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवणे कंपन्यांना बंधनकारक झाले. अशा स्थितीत साठवणुकीची जागा वाढत जाते आणि ती कमी खर्चात, तरीही विश्वासार्ह रीतीने कशी वाढवावी, हा प्रश्न लहान-मोठ्या सर्वच संस्थांपुढे उभा राहतो.

२. संकल्पना आणि पार्श्वभूमी

१९८८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी 'रेड' ही संकल्पना मांडली. अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडून त्यांतील एखादी निकामी झाली तरी माहिती शाबूत राहावी, हे तिचे सूत्र होते. पुढे या सूत्रावर मोठमोठी साठवण यंत्रे उभी राहिली. त्यांत दोन नियंत्रक, त्यांना जोडलेल्या डिस्क आणि उत्पादकाचे स्वतःचे सॉफ्टवेअर असे. डिस्कच्या बिघाडापासून संरक्षण मिळाले; परंतु संपूर्ण यंत्र, त्याचा विस्तार आणि त्याची देखभाल एकाच उत्पादकाच्या हाती राहिली.

२००३ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी गूगल फाइल सिस्टिमविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. साधे, स्वस्त संगणक वारंवार बिघडणारच हे गृहीत धरून प्रत्येक माहितीखंडाच्या तीन प्रती वेगवेगळ्या सर्व्हरवर ठेवण्याची रचना त्यात वर्णिली होती. संरक्षणाची जबाबदारी येथे यंत्राकडून सॉफ्टवेअरकडे गेली. सॉफ्टवेअर-डिफाइन्ड स्टोरेज या संज्ञेचा गाभा हाच आहे : माहिती कोठे ठेवायची, तिच्या किती प्रती करायच्या, बिघाड झाल्यास ती पुन्हा कशी उभी करायची, हे सर्व निर्णय डिस्कपासून स्वतंत्र असलेले सॉफ्टवेअर घेते.

ही साठवणूक वापरकर्त्यास तीन स्वरूपांत मिळते. 'ब्लॉक' स्वरूपात ती एखाद्या कोऱ्या डिस्कसारखी दिसते व व्हर्च्युअल मशीन किंवा डेटाबेससाठी वापरली जाते. 'फाइल' स्वरूपात ती सर्वांनी मिळून वापरायच्या फोल्डरसारखी असते. 'ऑब्जेक्ट' स्वरूपात प्रत्येक वस्तूला एक ओळखनाव असते व ती नेटवर्कवरून मागवली जाते. २००६ मध्ये सुरू झालेल्या अ‍ॅमेझॉनच्या एस-३ सेवेमुळे हे तिसरे स्वरूप रूढ झाले.

३. प्रमुख पर्यायांची रचना

३.१ सेफ : सेज वाइल यांच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील, सांताक्रूझ येथील संशोधनातून सेफचा उगम झाला. त्यावरील मुख्य शोधनिबंध २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. सेफमध्ये माहितीचा पत्ता सांगणारी मध्यवर्ती यादी नसते. 'क्रश' नावाच्या गणिती पद्धतीने माहितीचा खंड कोणत्या डिस्कवर असेल हे प्रत्येक ग्राहक संगणक स्वतःच काढतो. त्यामुळे सर्व्हर वाढले तरी एका यादीवर सगळा भार येत नाही. ब्लॉक, फाइल आणि ऑब्जेक्ट ही तिन्ही स्वरूपे एकाच समूहातून देता येणे, हे सेफचे मोठे बलस्थान. युरोपातील 'सर्न' ही अणुसंशोधन संस्था त्याचा मोठ्या प्रमाणावर वापर करते. तथापि सेफ समजून घेण्यास वेळ लागतो. प्रत्येक डिस्कसाठी स्वतंत्र प्रक्रिया चालते व मूळ मांडणीत तिच्या स्मृतीचे लक्ष्य ४ गिगाबाइट असते. म्हणजेच १२ डिस्कच्या सर्व्हरवर केवळ या कामासाठी सुमारे ४८ गिगाबाइट स्मृती बाजूला ठेवावी लागते.

३.२ ग्लस्टर : ग्लस्टर ही प्रामुख्याने फाइल स्वरूपाची प्रणाली. तिच्यातही मध्यवर्ती यादी नसते; फाइलच्या नावावरून गणिताने तिचे स्थान ठरते. मांडणी सोपी असल्यामुळे ती अनेक संस्थांत लोकप्रिय झाली. मोठ्या फाइलींसाठी ती उपयुक्त ठरली, तर असंख्य लहान फाइलींच्या बाबतीत मंद ठरली. रेड हॅट कंपनीने ग्लस्टर २०११ मध्ये विकत घेतले.

३.३ व्हीएमवेअर व्हीसॅन : व्हीसॅन मार्च २०१४ मध्ये उपलब्ध झाले. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सर्व्हरमधीलच डिस्क एकत्र करून ते साठवणूक तयार करते. स्वतंत्र साठवण सर्व्हर लागत नाहीत आणि नेहमीच्या व्यवस्थापन पडद्यावरूनच सर्व कारभार करता येतो. प्रत्येक व्हर्च्युअल मशीनसाठी संरक्षणाचे वेगळे धोरण ठरवता येते. मात्र ते व्हीएमवेअरच्या प्रणालीबाहेर स्वतंत्रपणे वापरता येत नाही.

३.४ न्यूटॅनिक्स : २००९ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीच्या रचनेत प्रत्येक सर्व्हरवर एक नियंत्रक व्हर्च्युअल मशीन असते. सर्व वाचन-लेखन तिच्यामार्फत होते. व्हर्च्युअल मशीन ज्या सर्व्हरवर चालते त्याच सर्व्हरवर तिच्या माहितीची एक प्रत ठेवण्याचा प्रयत्न केला जातो. त्यामुळे वाचनासाठी नेटवर्कवर भार कमी येतो. व्यवस्थापन सुलभ आहे. त्याची किंमत नियंत्रकासाठी राखून ठेवाव्या लागणाऱ्या स्मृती व प्रक्रियाक्षमतेच्या रूपाने मोजावी लागते.

३.५ स्टोरेज स्पेसेस डायरेक्ट : विंडोज सर्व्हर २०१६ च्या डेटासेंटर आवृत्तीत ही सोय प्रथम आली. २ ते १६ सर्व्हरच्या समूहाला ती चालते. ज्या संस्थेकडे ही आवृत्ती आधीच आहे तिला वेगळा साठवण परवाना घ्यावा लागत नाही. तथापि सर्व्हर, डिस्क आणि नेटवर्क कार्ड यांच्या अनुरूपतेबाबत ती काटेकोर असून १० गिगाबिट नेटवर्क ही तिची किमान अपेक्षा आहे.

४. जागेचा हिशेब

या प्रणालींत संरक्षणाच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिली प्रतिकृतीची : माहितीच्या दोन किंवा तीन पूर्ण प्रती ठेवणे. दुसरी इरेजर कोडिंगची : माहितीचे काही तुकडे करून त्यांच्यावरून गणिताने काढलेले अतिरिक्त तुकडे जोडणे. '४+२' रचनेत माहितीचे ४ आणि अतिरिक्त २ तुकडे सहा सर्व्हरवर जातात व त्यांपैकी कोणतेही ४ उपलब्ध असले की मूळ माहिती परत मिळते.

तक्ता क्र. १ : १०० टेराबाइट माहितीसाठी लागणारी जागा (प्रत्येक प्रत वा तुकडा स्वतंत्र सर्व्हरवर)

| रचना | किमान सर्व्हर | कच्ची जागा (टेराबाइट) | माहिती न गमावता सोसता येणारे सर्व्हरचे बिघाड |
|---|---|---|---|
| दोन प्रती | २ व एक साक्षीदार | २०० | १ |
| तीन प्रती | ३ | ३०० | २ |
| ३+१ | ४ | १३३ | १ |
| ४+२ | ६ | १५० | २ |
| ८+३ | ११ | १३७.५ | ३ |

तक्ता पाहता इरेजर कोडिंग सरस वाटते. परंतु त्यात लहानशी नोंद बदलायची झाली तरी जुने तुकडे वाचणे, अतिरिक्त तुकडे नव्याने काढणे आणि ते पुन्हा लिहिणे भाग पडते. म्हणून सतत बदलणाऱ्या डेटाबेससाठी प्रतिकृती आणि एकदा लिहून ठेवायच्या राखीव प्रती, चित्रफिती व जुन्या नोंदींसाठी इरेजर कोडिंग, अशी विभागणी योग्य ठरते.

तक्त्यातील आकडे हा हिशेबाचा पहिलाच टप्पा होय. डिस्क शंभर टक्के भरता येत नाहीत. सेफच्या मूळ मांडणीत डिस्क ८५ टक्के भरताच इशारा मिळतो, ९० टक्क्यांवर पुनर्भरणासाठी तिच्यावर नवी माहिती पाठवणे थांबते आणि ९५ टक्क्यांवर लेखन बंद होते. त्याखेरीज एक सर्व्हर गेल्यास त्यावरील माहिती उरलेल्या सर्व्हरवर मावली पाहिजे. प्रत्येकी १०० टेराबाइटचे चार सर्व्हर ७० टक्के भरलेले आहेत असे समजू. त्यांतील एक बंद पडला, तर २८० टेराबाइटचा भार उरलेल्या ३०० टेराबाइटवर येतो. म्हणजे भरण ९३ टक्क्यांवर जाऊ पाहते. त्यामुळे पुनर्भरण ९० टक्क्यांच्या मर्यादेवरच अडते व पूर्ण होत नाही.

हे टाळायचे असेल तर चार सर्व्हरचा समूह सुमारे ६४ टक्क्यांपलीकडे भरता कामा नये. म्हणजेच ४०० टेराबाइट कच्च्या जागेतून, तीन प्रती ठेवल्यास, प्रत्यक्षात सुमारे ८५ टेराबाइट माहितीच सुरक्षितपणे ठेवता येते. त्याच तत्त्वाने दहा सर्व्हरचा समूह सुमारे ७६ टक्क्यांपर्यंत भरता येतो आणि ४+२ रचनेत एकूण जागेपैकी निम्म्याहून किंचित अधिक जागा उपयोगी पडते. विक्रेत्यांच्या दरपत्रकातील प्रति टेराबाइट दर तुलनेस घेण्यापूर्वी तो कच्च्या जागेचा आहे की अशा रीतीने उरलेल्या जागेचा, हे तपासणे अगत्याचे आहे.

५. बिघाडाच्या प्रसंगीचे वर्तन

१६ टेराबाइटची एक डिस्क प्रति सेकंद २०० मेगाबाइट या वेगाने लिहिली गेली तरी ती पूर्ण भरण्यास ८०,००० सेकंद, म्हणजे सुमारे २२ तास लागतात. पारंपरिक रेडमध्ये निकामी डिस्कच्या जागी आलेल्या एका डिस्कवर हा सारा भार पडतो. सॉफ्टवेअर-डिफाइन्ड रचनेत गमावलेल्या प्रती समूहातील अनेक डिस्कवर एकाच वेळी विखरून तयार होतात, त्यामुळे धोक्याचा काळ कमी होतो. मात्र हा लाभ सर्व्हर पुरेसे असतील तरच मिळतो. तीन सर्व्हर आणि तीन प्रती अशा समूहातील एक सर्व्हर गेला, तर चौथी जागाच नसल्यामुळे तिसरी प्रत कोठेही तयार होत नाही. तो सर्व्हर दुरुस्त होईपर्यंत सगळे काम कमी संरक्षणावर चालते. ४+२ रचनेसाठी सहा सर्व्हर असणाऱ्या समूहाचीही हीच स्थिती होते. म्हणून 'किमान सर्व्हर' या आकड्यात एक मिळवूनच खरेदीचा विचार करावा.

माहिती शाबूत राहणे आणि सेवा चालू राहणे यांतही फरक आहे. नेटवर्क तुटून समूहाचे दोन भाग झाले आणि दोन्ही भाग स्वतःला खरे समजून लिहू लागले, तर माहितीची दोन परस्परविरोधी रूपे तयार होतात. हे टाळण्यासाठी सभेप्रमाणेच येथेही गणपूर्तीचा नियम असतो : बहुमत असलेला भागच काम करतो. दोन सर्व्हरच्या समूहात बहुमत ठरत नसल्यामुळे तिसरा 'साक्षीदार' लागतो. ग्लस्टरच्या दोन प्रतींच्या मांडणीत ही अडचण वारंवार येत असल्याने पुढे तिच्यासाठी पंचाची तरतूद करण्यात आली. व्हीसॅन आणि स्टोरेज स्पेसेस डायरेक्ट यांतही दोन सर्व्हरच्या मांडणीला साक्षीदार आवश्यक असतो व तो त्या दोन्ही सर्व्हरपासून वेगळ्या यंत्रावर असावा लागतो. सेफमध्ये तीन प्रतींच्या नेहमीच्या मांडणीत एकच प्रत उरली, तर ती माहिती नष्ट झालेली नसतानाही तिच्यावरील वाचन-लेखन थांबवले जाते. वापरकर्त्याला हा अडथळा वाटतो. प्रत्यक्षात ती शेवटच्या प्रतीची राखण असते.

वेगाचा विचारही याच संदर्भात करावा लागतो. लेखन पूर्ण झाल्याची पोच साधारणतः सर्व ठरलेल्या प्रती लिहिल्यानंतरच दिली जाते. तीन प्रतींत १ गिगाबाइट माहिती लिहिताना सर्व्हरांमध्ये आणखी २ गिगाबाइट माहितीची ने-आण होते; म्हणून डिस्क वेगवान घेऊन नेटवर्क जुने ठेवल्यास खर्च वाया जातो. तसेच वीज अचानक गेल्यावर हातातील लेखन पूर्ण करण्याची सोय नसलेल्या, घरगुती वापराच्या एसएसडी डिस्क अशा पोच-सापेक्ष लेखनात फार मंद पडतात. स्वस्त डिस्क बसवून नंतर सॉफ्टवेअरला दोष दिला जातो, त्याचे कारण पुष्कळदा येथे असते.

याच ठिकाणी एक गैरसमजही दूर करणे आवश्यक आहे. प्रतिकृती म्हणजे राखीव प्रत नव्हे. कर्मचाऱ्याने चुकून काढून टाकलेली फाइल तिन्ही प्रतींतून त्याच क्षणी जाते. खंडणीखोर सॉफ्टवेअरने कुलूपबंद केलेली माहिती तिन्ही ठिकाणी कुलूपबंद होते. माहितीच्या एकूण तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतील एक अन्य ठिकाणी, हा जुना नियम साठवणूक कितीही प्रगत झाली तरी लागू राहतो.

६. परवाना आणि परावलंबन

बंदिस्त यंत्राच्या उत्पादकापासून मुक्तता, हे सॉफ्टवेअर-डिफाइन्ड स्टोरेजचे मूळ आश्वासन होते. ते कितपत पूर्ण झाले, याची परीक्षा अलीकडच्या काही वर्षांत झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ताब्यात घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून वर्गणीची पद्धत आणली. व्हीसॅनवर चालणाऱ्या संस्थांचे सर्व्हर तेच राहिले, माहिती तीच राहिली. बदलला तो करार. रेड हॅटने ग्लस्टरवर आधारित आपल्या व्यावसायिक उत्पादनाचे पाठबळ ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपवले. ग्लस्टर मुक्त सॉफ्टवेअर असल्याने ते वापरण्यास कोणाची आडकाठी नाही. परंतु अडचणीच्या वेळी उत्पादकाकडे दाद मागण्याची सोय त्यामुळे गेली. सेफची व्यावसायिक मालकीही बदलत गेली : सेफसाठी स्थापन झालेली इंकटँक २०१४ मध्ये रेड हॅटकडे गेली आणि रेड हॅटचा साठवणूक विभाग २०२३ मध्ये आयबीएमकडे. तथापि २०१८ पासून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली सेफ फाउंडेशन कार्यरत असल्यामुळे प्रकल्प एका कंपनीवर अवलंबून राहिलेला नाही. केवळ मुक्त परवाना पुरेसा नसतो, त्यामागे अनेक संस्थांचा सहभागही हवा, हे ग्लस्टर व सेफ यांच्या तुलनेतून स्पष्ट होते.

प्रणाली सोडून जाण्याचा खर्चही आधीच मोजता येतो. १०० टेराबाइट माहिती १० गिगाबिट नेटवर्कवरून पूर्ण वेगाने हलवली तरी सुमारे २२ तास लागतात. १ गिगाबिट जोडणीवर हाच काळ ९ दिवसांहून अधिक होतो. प्रत्यक्षात कामकाज चालू ठेवून स्थलांतर करावे लागत असल्याने तो कित्येक पटींनी वाढतो. शिवाय तेवढ्या काळासाठी दोन्ही प्रणालींना पुरेल इतकी जागा एकाच वेळी असावी लागते.

७. निवडीची दिशा

दोन किंवा तीन सर्व्हर आणि एखादाच तंत्रज्ञ असलेल्या लहान संस्थेस सेफसारखी प्रणाली पेलणे कठीण आहे. विंडोज डेटासेंटर परवाना आधीच असल्यास स्टोरेज स्पेसेस डायरेक्ट, अन्यथा एक भक्कम सर्व्हर व नियमित राखीव प्रती, हा मार्ग अधिक हिताचा ठरतो. प्रत्येक संस्थेला विखुरलेल्या साठवणुकीची गरज असतेच असे नाही. प्रामुख्याने व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या मध्यम संस्थेसाठी व्हीसॅन अथवा न्यूटॅनिक्स सोयीचे आहेत. मात्र तेथे वर्गणीचा किमान पाच वर्षांचा हिशेब आणि कराराच्या नूतनीकरणाच्या अटी निविदेतच तपासाव्यात. माहिती शेकडो टेराबाइटच्या पुढे जाणार असेल, तिन्ही स्वरूपे हवी असतील आणि लिनक्स जाणणारे किमान दोन-तीन कर्मचारी टिकवून ठेवता येत असतील, तर सेफ सर्वांत लवचीक पर्याय ठरतो. ग्लस्टरवर नवी उभारणी करणे आता उचित म्हणता येणार नाही. जुनी असल्यास स्थलांतराचे नियोजन करावे.

निवड कोणतीही असो, स्वीकृतीपूर्व चाचणीत केवळ वेग मोजू नये. समूह ठरलेल्या मर्यादेपर्यंत भरून, त्यावर काम चालू असताना एका सर्व्हरची वीज काढावी. काम किती वेळ अडते, वेग किती घसरतो आणि पूर्ण संरक्षण परत येण्यास किती तास लागतात, याची नोंद घ्यावी. राखीव प्रतीवरून माहिती प्रत्यक्ष परत मिळवून पाहावी. ही चाचणी कागदावरील कोणत्याही तुलनेपेक्षा अधिक सांगून जाते.

८. निष्कर्ष

१. तुलना कच्च्या जागेवर न करता, एक सर्व्हर गमावल्यानंतरही सुरक्षित राहणाऱ्या जागेवर करावी. लहान समूहात ही जागा कच्च्या जागेच्या चतुर्थांशाहूनही कमी असू शकते.

२. 'किमान सर्व्हर' ही प्रणाली चालू होण्याची मर्यादा आहे. बिघाडातून स्वतःहून सावरण्यासाठी त्याहून किमान एक सर्व्हर अधिक लागतो.

३. प्रतिकृती आणि इरेजर कोडिंग हे राखीव प्रतीला पर्याय नाहीत.

४. सॉफ्टवेअर-डिफाइन्ड स्टोरेजने यंत्रावरील परावलंबन कमी केले, तथापि परवाना आणि मनुष्यबळ यांवरील परावलंबन वाढवले. म्हणून बाहेर पडण्याचा मार्ग, त्यास लागणारा काळ व जागा यांचा विचार खरेदीपूर्वीच व्हावा.

यंत्राच्या पेटीत पूर्वी बंद असलेले निर्णय आता संस्थेच्या हाती आले आहेत. किती प्रती ठेवायच्या, किती जागा रिकामी राखायची आणि कोणत्या करारात स्वतःला बांधून घ्यायचे, याचे उत्तर आता उत्पादक देत नाही. ते संस्थेला स्वतःच द्यावे लागते. माहितीची खरी सुरक्षितता या उत्तराच्या गुणवत्तेवरच अवलंबून राहणार आहे.